पाला चोळलेले हात

ससा माझ्या घरी आला त्या संध्याकाळी मी त्याला दोन्ही कानांना धरून पिंजऱ्यातून उचललं, आणि तो किंचाळला.

ससा किंचाळतो हे मला माहीत नव्हतं. लहान मुलाच्या रडण्यासारखा, पण एकाच सुरात ओढलेला तो आवाज होता. त्यानं मागचे पाय झाडले, माझ्या मनगटावर तीन ओरखडे काढले आणि खाली पडताच दिवाणाखाली शिरला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तिथून बाहेर आला नाही.

मी काही चुकीचं केलं असं तेव्हा मला वाटलंच नव्हतं. ससा कानांनाच धरायचा असतो, हे मी लहानपणापासून बघत आले होते. आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वर डोंगरात आहे. शिमग्याच्या आसपास वाडीतले पुरुष रानात शिकारीला जायचे. आता त्याला बंदी आहे आणि कुणी जातही नाही, पण माझ्या लहानपणी जायचे. परत येताना कुणाच्या तरी हातात रानससा असायचा. दोन्ही कान एका मुठीत आणि पाय खाली लोंबत. त्याचे वाटे पडायचे. जो माणूस गेला त्याचा एक वाटा, आणि बरोबर गेलेल्या कुत्र्याचाही एक. बाबांच्या वाट्यातला पाय माझ्या ताटात पडायचा आणि मी तो आवडीनं खायची, हेही सांगून टाकते. तो हातातला ससा मेलेला असायचा, एवढंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जिवंत ससा कसा उचलायचा, ते आमच्याकडे कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

मी महाडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. माल तपासायचा, आकडे लिहायचे, खाली सही करायची. आमच्या वाडीतली पहिली बीएस्सी मी. ही नोकरी मला लागली तेव्हा बाबा कापड्याच्या नाक्यावर भेटेल त्याला थांबवून सांगत होते. कंपनीची बस सकाळी आठला नेते आणि सहाच्या सुमाराला परत सोडते. पहिल्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलंय. खाली घरमालकीण काकू राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. धाकटा भाऊ नालासोपाऱ्याला असतो, त्याची बायको आणि दोन मुलंही तिथंच. माझं लग्न झालेलं नाही. स्थळं येत होती तोवर मी शिकलेली म्हणून गावाकडच्यांना नको होते आणि वाडीवरची म्हणून शहरातल्यांना. मग स्थळं यायची थांबली. त्याचं फार दुःख करत बसले नाही. पण रविवारी सकाळी धुणं वाळत घालून झालं की दहा वाजतात, आणि पुढं अख्खा दिवस असतो.

ससा माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीच्या मुलाचा. तिच्या नवऱ्याची बदली गुजरातला झाली, आणि सामानाच्या गाडीत ससा कुठं न्यायचा म्हणून तिनं पिंजऱ्यासकट तो मला आणून दिला. पांढरा, एक कान राखाडी. त्या मुलानं त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं. त्या नावानं हाक मारली तर तो ढुंकूनही बघत नसे. मी नुसतं 'ए' म्हणायची. त्यालाही बघत नसे.

पहिले चार महिने आमचं असंच चाललं. मी घरात पाऊल टाकलं की तो दिवाणाखाली. मी गाजर ठेवायची, कोथिंबिरीचे दांडे ठेवायची, कंपनीच्या बस थांब्यामागून हरळी खुडून आणायची. मी स्वयंपाकघरात गेले की तो बाहेर येऊन खायचा आणि माझी चाहूल लागली की पुन्हा आत. मी पालथी पडून दिवाणाखाली हात घालायची. तो भिंतीला टेकून, डोळे मोठे करून बसलेला असायचा. सुगंधी साबणानं हात धुऊन बघितले, तेव्हा तर तो आणखी कोपऱ्यात सरकला. घर रिकामं असतं ते एक वेळ चालतं. पण घरात कुणीतरी आहे आणि ते आपल्याला बघून लपतं, याची सवय होत नाही.

भावाला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला.

"ससा? ताई, दिवाळीला कापूया काय?"

"तू ये तर आधी दिवाळीला."

"येतो ना. मसाला वाटून ठेव."

तो येणार नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

गणपती झाले आणि बाबा महाडला आले. मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्यानं जवळजवळ काही दिसत नव्हतं, दुसऱ्यानंही धूसरच. शिबिरात तपासणी झाली, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की महिनाभर चुलीचा धूर नको, धूळ नको, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब. वाडीवर यातलं एकही पाळता आलं नसतं. म्हणून बाबा माझ्याकडे राहिले.

मला ते महिन्यापुरते नको होते. कायमचे हवे होते. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळल्यापासून दर पावसाळ्यात आमच्या वाडीलाही हलण्याची नोटीस येते, आणि बाबा दर वर्षी ती घडी करून देवाच्या फळीवर ठेवतात. जोराचा पाऊस लागला की मी लॅबमध्ये काचेच्या नळीतला रंग बघत असते आणि डोक्यात आमच्या घरामागचा उतार असतो. हे एक कारण. दुसरं कारण मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. संध्याकाळी सहाला मी बसमधून उतरते तेव्हा माझ्या खिडकीत अंधार असतो. तिथं दिवा असावा, एवढंच.

ऑपरेशन होऊन बाबा घरी आले त्या दिवशी त्यांनी काळ्या गॉगलमधून खोलीभर मान फिरवली.

"कसला वास येतोय गो? लेंड्यांचा?"

"ससा आहे, बाबा."

"ससा?" त्यांनी गॉगल नाकावर सारखा केला. मग म्हणाले, "पोरी, तुला कोंबडी मिळाली नाय?"

पहिले चार दिवस ते भिंतीला टेकून चटईवर बसून होते. दिवाणावर झोपायला सांगितलं तर म्हणाले, उंचावर झोप लागत नाही. दुपारचे थेंब खालच्या काकू येऊन घालायच्या. पाचव्या दिवशी मी कामावरून आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बघितलं तर बाबा तसेच पाय पसरून बसले होते आणि त्यांच्या पावलाला लागून ससा आडवा झालेला. पोट जमिनीला टेकलेलं, मागचे पाय लांब ताणलेले. इतका निर्धास्त मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी दारातच थांबले. खांद्यावरची पर्स सरकली, तिची कडी दाराला लागली, आणि ससा दिवाणाखाली गेला.

"हळू गो! आत्ताच निजला व्हता पाव्हणा."

"तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? मला करायला ठेवलंयस काय तू? डाक्टर म्हणतो वाकू नको. तू म्हणतेस उठू नका. बसलो."

"आणि तो आला?"

"आला. पायाचा वास घेतला. अंगठा चावून बघितला. खायचा नाय हे कळल्यावर सोडला."

मला राग आला, हे आता कबूल करायला हरकत नाही. चार महिने ज्याला गाजरं घातली तो पाच दिवसांच्या माणसाच्या पायाशी झोपतो. मी चहा ठेवला आणि भांडी जरा जोरातच वाजवली. चहा पिताना मी बाबांना सगळं सांगितलं. कानांना धरून उचललं ते, दिवाणाखाली हात घातला ते, साबण बदलला ते.

"कानाला धरलंस? जित्याला?" बाबा मोठ्यानं हसले. मग हसणं थांबलं. "आपण मेलो, असं वाटलं असंल त्याला."

मग त्यांनी मला शिकारीतलं त्यांचं काम सांगितलं. इतकी वर्षं त्यांची मुलगी असून ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, सगळेच पुरुष ओरडत रान उठवतात. तसं नव्हतं. ओरडणारे, पत्र्याचे डबे वाजवणारे वेगळे असत. रानाच्या दुसऱ्या तोंडाला वाघर लावलेली असे. वाघर म्हणजे सशाचं जाळं, सुताचं विणलेलं, गुडघ्याएवढं उंच. त्या वाघरीजवळ एक माणूस दबून बसायचा. ते बाबा. करवंदीच्या जाळीआड तास तास बसायचं. खोकायचं नाही, मान वळवायची नाही, ससा दिसला तरी त्याच्याकडे सरळ बघायचं नाही.

"सरळ बघितलं की त्याला कळतं. आपला डोळा टोचतो त्याला. त्याचे डोळे बाजूला हायेत ना, म्हणून तू पण बाजूलाच बस. तोंड भिताडाकडं कर. आणि दुसरी गोष्ट..." ते थांबले.

"काय?"

"तुझ्या हाताला कंपनीचा वास येतो गो."

मी हात मागे घेतले. लॅबमध्ये मी ग्लोव्हज घालते, निघताना दोनदा हात धुते. तरी सॉल्व्हंटचा वास राहतो, हे मला ठाऊक आहे. बसमध्ये सगळ्यांनाच तो असतो म्हणून कुणाला येत नाही. पण याच हातांनी मी रिपोर्टवर सही करते. याच हातांसाठी बाबांनी पावसाळ्यात मला खांद्यावर घेऊन शाळेच्या वाटेवरचा वहाळ ओलांडला होता. दप्तर भिजू नये म्हणून ते त्यांनी डोक्यावर धरलं होतं. आणि आता तेच मला सांगत होते की या हातांना वास येतो. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून त्यांना तो जास्त येत असावा. सशालाही तो तसाच येत असणार.

"मग काय करू?"

"वाघर लावायला जाताना आम्ही हाताला पाला चोळायचो. कुठलाबी नाय. ज्या रानात लावायची त्याच रानातला. बिडी, घाम, माणूस, सगळं जातं."

"आणि याचं रान कुठलं?"

बाबांनी विचार केला. "तू आणतेस ती हरळी. तेवढंच हाय बिचाऱ्याचं रान."

त्यानंतर रोज संध्याकाळी मी बस थांब्यामागून हरळी आणायची, मोरीत बसून मूठभर हरळी हातांवर, मनगटांवर, कोपरापर्यंत चोळायची. हात हिरवे व्हायचे. मग दिवाणापासून चार हात लांब, भिंतीकडे तोंड करून बसायची. मागे बाबा चटईवर. कुणी काही बोलत नसे. काकू एकदा डबा द्यायला वर आल्या आणि दारातून म्हणाल्या, "काय हो, शिक्षा केलीत की काय लेकीला?"

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी भिंतीकडे बघतच म्हणाले, "बाबा, पण ही फसवणूक झाली."

"कसली?"

"धरण्यासाठी जो पाला चोळायचा, तोच त्याला जवळ आणायला."

"वाघर व्हती म्हणून ती फसवणूक. हितं वाघर कुठं हाय?"

नवव्या दिवशी माझ्या कोपराला काहीतरी गार लागलं. ओलसर, कापसाच्या बोळ्याएवढं. मग मिशांचे दोन-तीन केस. मी श्वास धरला. ते गेलं. परत आलं, पाठीला लागलं. मग त्यानं माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरून ओढलं, आणि चावून भोक पाडलं. बाबा मागून अगदी हळू म्हणाले, "वळू नको." मी वळले नाही. माझे डोळे भरून आले होते आणि भिंतीवरचा रंग मला नीट दिसत नव्हता.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस फार चांगले गेले. एका करवंटीवरून खेळ सुरू झाला. नारळ खवून झाल्यावर ती मी खाली ठेवली होती. सशानं कडा दातात धरून ती उचलली आणि फेकली. फरशीवर खडखडाट झाला, तसा तो स्वतःच दचकला, पळाला, आणि पुन्हा येऊन तेच केलं. बाबांनी पायानं ती त्याच्याकडे लोटली. त्यानं परत फेकली. मग रोज संध्याकाळी हेच. बाबा लोटणार, ससा फेकणार, मी मोजणार. रंगात आला की तो खोलीभर धावायचा आणि मध्येच हवेत उडी मारून अंग असं पिळायचा की डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे. पहिल्यांदा मला वाटलं, त्याला झटका आला. बाबा म्हणाले, "झटका नाय गो, खूश झालाय." रानात पहाटेच्या वेळी लपून बसलेल्या माणसालाच हे दिसतं, असं ते म्हणाले. त्यांनी ते किती तरी वेळा बघितलं होतं, आणि मग वाघर ओढली होती. हे त्यांनी सरळ सांगितलं, आवाज न बदलता. पण त्या दिवशी ते पुढं खेळले नाहीत.

ससा आता माझ्याही पायाशी यायचा. कपाळाच्या मधोमध बोट फिरवलं की डोळे मिटायचा आणि दात बारीक वाजवायचा. उचलून मात्र घेऊ द्यायचा नाही. ते मी पुन्हा केलं नाही.

एकदा संध्याकाळी खालच्या गल्लीत कुणीतरी फटाका लावला. ससा जागच्या जागी ताठ झाला आणि त्यानं मागचा पाय फरशीवर धाडकन आपटला. एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज. मग पुन्हा, पुन्हा.

"रागावलाय," मी म्हणाले.

"नाय. बाकीच्यांना सांगतोय. पळा म्हणून. जमिनीतनं ऐकू जातं त्यांना."

"बाकीचे कोण आहेत इथं?"

बाबांनी करवंटी पायानं जवळ ओढून घेतली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्याला काय ठाऊक, दुसरं कोण नाय ते." मी उठून भाकरीचं पीठ मळायला घेतलं. ससा आणखी तीन-चार वेळा पाय आपटून थांबला, कान उभे करून कुणाची तरी वाट बघितल्यासारखा बसला आणि मग दिवाणाखाली गेला.

डॉक्टरांची शेवटची तपासणी जवळ आली होती. राहण्याबद्दल मी बाबांशी एक शब्दही बोलले नव्हते. मुद्दामच. त्याऐवजी मी त्यांच्या आवडीची सुकट आणत होते. काकूंच्या घरचा जुना रेडिओ मागून आणला होता. सशाला सकाळची हरळी घालायचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं, "मला वेळ होत नाही, तुम्हीच बघा," असं म्हणून. त्यांच्यासमोर फोनवर भावाला सांगत होते की बाबांशिवाय हा खातच नाही. ते खोटं होतं. तो सगळ्यांकडून खात होता.

एका रविवारी मोरीत बसून मी हाताला हरळी चोळत होते, आणि चोळता चोळता थांबले. गेले तीन आठवडे मी बाबांकडेही बाजूलाच तोंड करून बसले होते. सरळ बघत नव्हते, सरळ बोलत नव्हते. सुकट, रेडिओ, ससा, एकेक गाठ घालत होते. बाबा म्हणाले होते, हितं वाघर कुठं हाय. वाघर होती. ती मी लावली होती, आणि त्यांच्यासाठी लावली होती.

त्याच दिवशी जेवताना मी विचारून टाकलं.

"बाबा, इथंच राहा माझ्याकडे."

त्यांनी भाकरीचा तुकडा सुकटीत बुडवला. आता त्यांना दिसत होतं. गॉगल काढून ते माझ्याकडे बघत होते, अगदी सरळ.

"भात उभं हाय माझं."

"भात भाऊकीतलं कुणीही कापील. पावसाळ्यात ती दरडीची भीती..."

"तुझ्या महाडात पाणी येतं, माझ्या डोंगरावर दरड येते. काकूच्या भिताडावर बघ, कुठवर आलं व्हतं पाणी. जायचं कुठं माणसानं? आभाळात?"

मी हसले नाही. तेही हसले नाहीत.

"तुला घरात दिवा लागलेला पायजे," ते म्हणाले. मी हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. "मला कळतं गो. पण मी डोळ्यानं आंधळा व्हतो तवर बसलो. आता दिसाया लागलं. दिसाया लागल्यावर माणूस नुसता बसून राहतो काय? मी चार दिवसांत तुझ्यावर चिडाया लागीन. रेडिओवर चिडीन. मग तू संध्याकाळी घरी यायला भिशील."

ते खरं होतं. त्यांनी वाडी सोडली तर काय होईल हे त्यांना कळत होतं, आणि मला फक्त माझी खिडकी दिसत होती.

"मग ह्याला तरी घेऊन जा," मी म्हणाले. "तुम्हाला सोबत होईल."

"वाडीत? कुत्री दोन दिवस ठेवायची नायत. आणि लोक रोज विचारतील, रस्सा कधी." त्यांनी ताटात हात धुतला. "आणि ह्याला नेला तर तू कुणाकडं पाठ करून बसशील?"

तपासणी झाली. डोळा चांगला होता. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्यांना महाडच्या स्टँडवर पोलादपूरच्या एसटीत बसवलं. पिशवीत थेंबांची बाटली, दोन धोतरं आणि सुकट. मी खिडकीखाली उभी राहून थेंबांच्या वेळा पुन्हा पुन्हा सांगत होते. कंडक्टर म्हणाला, "ताई, लिहून द्या, मी घालतो डोळ्यात." बाबा हसले. गाडी सुटताना त्यांनी हात बाहेर काढला, पण तोवर मधे दुसरी गाडी आली.

अर्धा दिवस उरला होता, म्हणून मी कंपनीत गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा ससा बाबांच्या चटईच्या जागेवर बसलेला होता. चटई मी सकाळीच गुंडाळून ठेवली होती. नुसत्या फरशीवर, भिंतीपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर तो बसला होता. मला बघून पळाला नाही, पण आलाही नाही. हरळी ठेवली तर दोन काड्या खाल्ल्या. करवंटी लोटली तर तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. चार दिवस असंच गेलं. मी चटई परत पसरली. त्यानं ती हुंगली, एका कोपऱ्यात दात लावले आणि तिच्यावर जाऊन बसला. मी पाठ करून बसायला पुन्हा सुरुवात केली. सहाव्या दिवशी तो माझ्या गुडघ्यापाशी आला, हातातून थोडं खाल्लं आणि परत चटईवर गेला. मी त्याला बोलावलं नाही. आपलं माणूस कुठं गेलं, हे त्याला सांगायची काही सोय नव्हती.

बाबांनी आजवर स्वतःहून मला कधी फोन केला नव्हता. वाडीत रेंज नाही. फोन लागायला देवळामागची टेकडी चढावी लागते, आणि निरोप असला तर ते दुसऱ्या कुणाकडून तरी कळवतात. म्हणून पुढच्या रविवारी दुपारी त्यांचा नंबर दिसला तेव्हा मी हातातलं भांडं तसंच टाकून फोन उचलला.

"काय झालं, बाबा? डोळा दुखतोय?"

"डोळा बरा हाय. पाव्हण्यानं खाल्लं काय?"

"खाल्लं."

"कोवळी घाल. आता पाऊस गेला, जून होत जाईल. जून घालू नको, पोट धरतं."

"हो."

"खेळतो?"

"परवा एकदा फेकली करवंटी. एकदाच."

"फेकील." चढून आल्यामुळे त्यांना धाप लागलेली ऐकू येत होती. मला खूप बोलायचं होतं. त्यांनाही असेल. "भात कापायला घेतलं," ते म्हणाले.

"धुळीत गॉगल लावा."

"लावतो. बरं मग."

त्यांना फोन बंद करता येत नाही. बटण दाबलं असं समजून ते तो खिशात टाकतात. मला पावलांचा आवाज येऊ लागला, दगडगोटे सरकल्याचा, सदरा फोनवर घासल्याचा. खाली उतरताना त्यांना कुणीतरी भेटलं. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

"एवढ्या उन्हाचा वर कशाला चढलास रे?"

"लेकीला फोन लावला."

"काय म्हणते?"

"ससा बरा हाय म्हणते."

"आणि ती?"

पावलं थांबली. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"ती सांगत नाय," बाबा म्हणाले.

मग पावलं पुन्हा सुरू झाली. लांबून कुठून तरी भात झोडपल्याचे ठोके येत होते, एकामागून एक. मी फोन बंद केला नाही.